नकोशा गावांचा ताळेबंद

सुटी जवळ आली की कोठे जावे याची चर्चा घरोघरी सुरू होते. कोठे जाऊ नये याची चर्चा मात्र सहसा होत नाही, कारण ती यादी न बोलताच ठरलेली असते. महाबळेश्वर, गणपतीपुळे, गोवा आणि जमलेच तर काश्मीर ही नावे एका बाजूला. सांगोला, जत, आटपाडी, मंगळवेढा ही दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या बाजूच्या गावांना माणसे जातात ती लग्नकार्याला, दहाव्याला, कोर्टाच्या तारखेला, नाहीतर बदलीचा हुकूम हातात पडल्यावर. हौसेने तेथे कोणी जात नाही, आणि गेल्यास ‘तिथे आहे काय?’ हा प्रश्न परत आल्यावर त्याला हमखास ऐकावा लागतो.

सांगोल्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच विचार करण्यासारखा आहे, कारण हे गाव काही आडवाटेला पडलेले नाही. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १९२७ मध्ये पंढरपुराहून पुढे मिरजेपर्यंत धावू लागली, तेव्हापासून सांगोला रेल्वेच्या नकाशावर आहे. रत्नागिरीहून कोल्हापूर-मिरजेमार्गे सोलापूरकडे जाणारा महामार्गही येथूनच जातो. कोल्हापूर-सांगलीकडचा वारकरी पंढरीला निघाला की सांगोला त्याच्या वाटेवर येते, आणि तेथून पंढरपूर उरते अवघे तीसेक किलोमीटर. म्हणजे सांगोला पाहिलेले लोक लाखांनी असतील. सांगोल्यास उतरलेले फार थोडे. बहुतेकांचे मत बनले आहे ते गाडीच्या खिडकीतून. खिडकीतून दिसतो तो उजाड माळ, बाभळीची झुडपे, मेंढरांचे कळप, बहुतेक वर्षभर कोरडे पडलेले माण नदीचे पात्र आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडलेला पारा.

खिडकीतले मत खोटे असते असे म्हणता येणार नाही. महाबळेश्वरापासून सांगोला सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरही दूर नाही. पण तेथे वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि सांगोल्याच्या वाट्याला त्यातला पाचशेच्या आसपास येतो. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांचा हा हिशेब आहे आणि तो कोणत्याही सरकारला बदलता आलेला नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला, १९७२ च्या दुष्काळात पुन्हा होरपळला. त्या वर्षी खडी फोडायला रस्त्यावर बसलेल्या माणसांच्या आठवणी येथील घराघरांत आहेत. राज्याची रोजगार हमी योजना पुढे ज्या अनुभवातून १९७७ च्या कायद्यापर्यंत पोचली, त्या अनुभवात या पट्ट्याचा वाटा मोठा आहे. अशा भूमीला कोणी रमणीय म्हणावे अशी अपेक्षा करणे हा भाबडेपणा होईल.

प्रश्न निराळा आहे. एकच गाव एकाला नकोसे आणि दुसऱ्याला हवेसे का वाटते? ‘ज्याची त्याची आवड’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. पण आवड हे कारण नव्हे, ते कशाचे तरी फळ असते. महाबळेश्वराचेच पाहा. मुंबई इलाख्याचे इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात तेथे राहत आणि पावसाळा तोंडावर आला की बाडबिस्तरा आवरून पुण्यास उतरत. डोंगर तोच, झाडी तीच. परंतु जूनमध्ये ती जागा टाळण्याजोगी होई. ज्या धुक्याला आणि धबाबा कोसळणाऱ्या पावसाला ते भीत, त्याच धुक्यासाठी आजचे पर्यटक जुलै-ऑगस्टमध्ये मोटारींच्या रांगा लावतात. रत्नागिरीचेही असेच. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला १८८६ मध्ये तेथे आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो तेथेच वारला. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत तेथेच स्थानबद्ध केले. सरकारच्या लेखी ती माणसाला जगापासून दूर ठेवण्याची जागा होती. अंदमानची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. ‘काळे पाणी’ या दोन शब्दांनी ज्या बेटाची धास्ती घरोघर पोचवली, तेथला सेल्युलर तुरुंग १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाला आणि आज मराठी कुटुंबे पैसे साठवून विमानाने तो पाहावयास जातात. बेट बदलले नाही. पूर्वीचा माणूस तेथे बेड्या घालून जात होता, आताचा परतीचे तिकीट खिशात घालून जातो. परतीच्या तिकिटाला मतांच्या बाबतीत फार मोठे मोल आहे.

सांगोल्याबद्दलची मते या दृष्टीने तपासली म्हणजे काही गोष्टी उघड होतात. प्रवाशाला जो कोरडेपणा बोचतो, तोच येथील डाळिंब उत्पादकाचे भांडवल आहे. डाळिंबाला हलकी, निचऱ्याची, मुरमाड जमीन मानवते. हवा दमट झाली की फळावर डाग पडतात, बुरशी चढते, जिवाणूंचे रोग फैलावतात. शिवाय या झाडाची एक खोड आहे. त्याला भरपूर पाणी सतत मिळत राहिले तर ते पाने वाढवीत बसते, फुलावर येत नाही. बहार धरावयाचा तर काही आठवडे पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. पाने पिवळी पडून गळतात, मग छाटणी, मग खत, मग मोजून पाणी, आणि त्यानंतर फुले. मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार. त्यांतला कोणता धरावयाचा हे बाजारभाव आणि विहिरीचे पाणी पाहून शेतकरी ठरवितो. जेथे आभाळ मनाला येईल तेव्हा गळते तेथे असा ताण देता येत नाही. सांगोल्यात तो देता येतो, कारण आभाळ गळतच नाही! पाण्याचा तुटवडा ही एका अर्थाने या पिकाची अवजारपेटी आहे. १९९० च्या सुमारास फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली, ठिबकच्या नळ्या आल्या आणि ज्या माळावर हुलगा-मटकीही धड येत नसे तेथे बागा उभ्या राहिल्या. सोलापूरच्या डाळिंबाला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वेगाडी निघाली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधील शालिमारकडे. ज्या स्थानकावर उतरावयास प्रवासी राजी नसतो, त्या स्थानकावर माल चढविण्यासाठी त्या वेळी धावपळ चालली होती.

ही यशोगाथा येथेच थांबवली तर ती अर्धवट राहील. तेल्या रोगाने अनेकांच्या बागा बसविल्या, आणि अलीकडच्या काळात खोडाला भोके पाडणाऱ्या किडीने उभी झाडे वाळवून टाकली. कर्ज काढून लावलेल्या बागा कित्येकांनी स्वतःच्या हाताने उपटल्या. त्यातला विपर्यास असा की अवेळी व अधिक पडलेला पाऊस हाही या संकटाला हातभार लावणाराच ठरला. टेंभू, म्हैसाळ यांसारख्या योजनांचे पाणी तालुक्याच्या काही भागांत आल्यावर कोणते पीक घ्यावे हा नवा प्रश्नही आता उभा आहे. सांगोल्याच्या कोरड्या हवेकडे दुष्काळ म्हणून पाहावे की साधनसंपत्ती म्हणून, याबद्दल खुद्द सांगोल्यातही एकमत नाही.

बैल घेण्यास आलेल्या माणसाला विचारले तर तो तिसरेच सांगेल. सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. कमी चाऱ्यावर, कडक उन्हात, खडकाळ वाटेवर चालणारा खिलार बैल माणदेशाने घडविला तो याच हवेत. कर्नाटकातून आलेल्या गिऱ्हाइकाला माळ उजाड आहे की हिरवा याच्याशी कर्तव्य नसते. तो बैलाचे खूर, शिंगे आणि दात पाहतो, रुमालाखाली बोटे धरून सौदा करतो आणि पुन्हा येतो.

येथून जे बाहेर गेले त्यांचे मत काय, हेही पाहण्यासारखे आहे. माणदेशाने माणसे फार बाहेर पाठविली. कोणी मुंबईच्या गिरणीत गेले, कोणी ऊसतोडीला. खानापूर-आटपाडीकडची सोन्या-चांदीच्या गलाईची माणसे तर देशातील अनेक शहरांतल्या सराफकट्ट्यांपर्यंत पोचली. गावाने त्यांना पोसले नाही म्हणूनच ती गेली. त्यांच्याइतके या भूमीबद्दल कडवट बोलण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास नाही. तरीही जत्रेला ती हटकून येतात आणि मिळवलेला पैसा गावच्या घरात, देवळात, विहिरीत घालतात. ज्या घरात वर्षातून पंधरा दिवसही राहणे होत नाही त्यावर लाखो रुपये घालणे हे व्यवहाराच्या हिशेबात बसत नाही. पण माणसाचे एखाद्या जागेविषयीचे खरे मत त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या खर्चावरून अधिक कळते.

जून २०२२ मधली एक गोष्ट महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. राजकीय उलथापालथीत आमदारांचा एक गट गुवाहाटीस जाऊन राहिला होता आणि सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचे कार्यकर्त्याशी झालेले दूरध्वनीवरील बोलणे सर्वत्र पसरले. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे उद्गार पोरासोरांच्या तोंडी झाले, त्यावर गाणी झाली, विनोद झाले. राजकारण बाजूला ठेवून त्या वाक्याकडे पाहिले तर ते फार बोलके आहे. प्रथम झाडी, मग डोंगर, आणि हॉटेल त्यानंतर! माळावर वाढलेल्या डोळ्याने पहिल्यांदा काय टिपले असेल तर जे घरी नाही ते. कोकणातला माणूस तेथे गेला असता तर त्याने झाडीचा उल्लेखही केला नसता. आणि त्याच दिवसांत, त्याच आसामात, बराक खोऱ्यातील सिलचर शहर पुराच्या पाण्यात बुडालेले होते. जी हिरवळ पाहून सांगोल्याचा माणूस हरखला, तिला पोसणारा पाऊस तेथल्या कुटुंबांना घराच्या छपरावर बसवून गेला होता. सिलचरच्या एखाद्या गृहस्थास त्या आठवड्यात सांगोल्याचा कोरडा माळ दाखविला असता तर त्याने त्यास काय म्हटले असते?

जागा टाळण्यामागे हवापाण्यापलीकडचे एक कारण असते आणि प्रवासवर्णनांत ते क्वचित आढळते. तेथली माणसे येणाऱ्याला कसे वागवतात, हे ते कारण. या पट्ट्याच्या पश्चिम सीमेवर घडलेला एक प्रवास प्रत्येक शिक्षकाने वाचलेला असावा. १९०१ साली भीमराव आंबेडकर हा शाळकरी मुलगा आपल्या भावाबरोबर व बहिणीच्या मुलांबरोबर वडिलांना भेटण्यासाठी निघाला. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर नोकरीस होते; तेथे तलाव खोदला जात होता. नवे कपडे, पहिला आगगाडीचा प्रवास, सुटीचा उत्साह. मसूर स्थानकावर उतरल्यावर मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना घेण्यास तयार होईना. अखेर एक जण राजी झाला तो दुप्पट भाड्यावर, तेही मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि त्याने बाजूने चालावे या अटीवर. शिदोरी जवळ होती. पाणी मात्र रात्रभर कोणी दिले नाही. बाबासाहेबांनी पुढे हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. याच रस्त्याने त्या दिवशी इतरही उतारू गेले असतील आणि त्यांना प्रवास सुखाचा झाला म्हणून त्यांनी घरी सांगितले असेल. दोघांचेही सांगणे खरे. एकाच वाटेचे भाडे एकाला एकपट आणि दुसऱ्याला दुप्पट पडत असेल, आणि पाण्याला तर पैसे देऊनही भाव नसेल, तर त्या वाटेबद्दल मते जुळावीत कशी? पंढरपूरही येथून जवळच. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले. तोवर ज्यांना पायरीपर्यंतच जाता येत होते, त्यांची वारी आणि इतरांची वारी एक नव्हती.

आता नोकरदारांच्या बदलीचा प्रश्न, कारण सांगोल्यासारख्या तालुक्याला खरी झळ लागते ती येथे. पर्यटक आला नाही तर गावाचे फारसे बिघडत नाही. डॉक्टर, शिक्षक, अभियंता आला नाही तर बिघडते. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झाली म्हणून पायी चालत जातो, ओस पडलेल्या शाळेत मुले गोळा करतो, गावाच्या कामात गुंततो, आणि शेवटी दुष्काळ पडून वस्तीच उठते. मराठी वाचकाने ही कादंबरी डोक्यावर घेतली. तिच्यातल्या गावी बदली मात्र कोणी मागून घेतली नाही. यात नोकरदाराला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मुलांचे शिक्षण, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी, पत्नीची नोकरी आणि घरचे पिण्याचे पाणी यांचा विचार त्याला करावाच लागतो. गणपतराव देशमुखांसारखा मोहोळ तालुक्यातला माणूस वकिलीसाठी सांगोल्यात येतो, तेथेच रुजतो आणि १९६२ पासून अकरा वेळा आमदार म्हणून निवडून जातो, हे अपवादाचे उदाहरण. अपवादांच्या भरवशावर प्राथमिक आरोग्य केंद्रे चालत नाहीत.

ॲडम स्मिथने १७७६ मध्येच सांगून ठेवले होते की काम जितके नकोसे तितकी त्याची मजुरी अधिक द्यावी लागते. खाजगी धंद्यात हा नियम बऱ्याच अंशी चालतो. सरकारी वेतनाची रचना मात्र त्याच्या उलट दिशेने झुकलेली आहे. मूळ वेतन सर्वत्र सारखे. घरभाडे भत्ता मोठ्या शहरात अधिक टक्क्यांनी, लहान गावात कमी टक्क्यांनी. पुण्यात घरभाडे अधिक, हे मान्य. पण सांगोल्यात राहणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा शिकण्यासाठी पुण्यात खोली घेऊन राहतो आणि आई तपासणीसाठी मिरजेस जाते, त्या खर्चाला भत्त्याच्या कोष्टकात रकाना नाही. हव्याशा शहरात जाणाऱ्याला अधिक आणि नकोशा गावी जाणाऱ्याला कमी, असा याचा प्रत्यक्ष परिणाम होतो. आदिवासी व नक्षलग्रस्त भागांत काम करणाऱ्यांना राज्य सरकारने एकस्तर वरची वेतनश्रेणी दिली, तेव्हा हे तत्त्व सरकारला मान्य आहे हे उघड झाले. ते त्या भागांपुरतेच थांबले.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी २०१७ मध्ये नवे धोरण आले आणि शाळांची ‘सर्वसाधारण क्षेत्र’ व ‘अवघड क्षेत्र’ अशी विभागणी झाली. अवघड क्षेत्रात ठरावीक वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदलीचा हक्क मिळू लागला. एखादे गाव नकोसे आहे हे सरकारने कागदावर मान्य करण्याचा हा विरळा प्रसंग, आणि अवघड कशाला म्हणावे हे कोणी ठरवावे यावर शिक्षकांत वादही झाले. २०२१ च्या सुधारित धोरणात यासाठी निकष दिले गेले. डोंगराळ भाग, वन्य प्राण्यांचा उपद्रव, वाहतुकीच्या सोयींचा अभाव, दूरध्वनीसंपर्क नसणे इत्यादी. पावसाचाही निकष त्यात आहे, आणि तो वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसामुळे संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी आहे. पाऊसच न पडणाऱ्या गावांना त्या यादीत जागा नाही. ज्या वस्तीवरील शाळेत मार्च उजाडला की पिण्याचे पाणी टँकरने येते, ती शाळा पक्क्या रस्त्यावर, सपाट माळावर आणि मोबाइलच्या टप्प्यात असल्याने सर्वसाधारण ठरते. या निकषांत एका ओळीची भर घालणे फारसे कठीण नाही. मागील दहा वर्षांत त्या गावाला किती दिवस टँकरने पाणी पुरवावे लागले, हा आकडा धरता येईल. तो जमविण्यासाठी नवी पाहणी करावयास नको; टँकरच्या फेऱ्यांची नोंद पंचायत समितीत आणि तहसील कार्यालयात ठेवावीच लागते, कारण त्या नोंदीवरच टँकरमालकाचे बिल निघते.